नर्सरीतलं ‘पीट मॉस’, भिंतीवरचं शेवाळ आणि कोकोपीट : फरक असा ओळखा

पाचोरा : पावसाळा लागला की जुन्या भिंती, विहिरींचे कठडे, अजिंठ्याच्या डोंगरातले ओले खडक हिरवे होतात. त्याला सरसकट शेवाळ म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. बोटाला बुळबुळीत लागतं, ज्यावरून पाय घसरतो, ते शेवाळ. मखमलीसारखं लागतं आणि भिंगातून इवली खोडं-पानं दिसतात, ते मॉस. शाळेच्या पुस्तकातलं फ्युनारिया याच कुळातलं. मॉसला खरी मुळं नसतात, फूल-बी येत नाही. उन्हाळ्यात ते वाळून काळपट पडतं, सरी आल्या की पुन्हा हिरवं.

नर्सरीत पाकिटातून मिळणारं ‘स्फॅग्नम मॉस’ मात्र भिंतीवरचं नव्हे. ते थंड, कायम ओल्या दलदलीत वाढतं. भारतात हिमालय, ईशान्येकडचे डोंगर, निलगिरी अशा ठिकाणी. त्याच्या फांद्या झुपक्यांनी येतात, शेंड्याला चांदणीसारखा गच्च गोंडा असतो, रंग फिक्या हिरव्यापासून लालसरपर्यंत. मूठभर घेऊन पिळलं की स्पंजासारखं पाणी निथळतं. पानांतल्या बऱ्याच पेशी मेलेल्या आणि पोकळ असतात, त्यांत पाणी भरून राहतं. कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ते धरू शकतं. पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनमध्ये जखमांवर याच मॉसच्या पट्ट्या बांधल्या गेल्या. कपाशीच्या मुलखात हे ऐकायला गमतीचं वाटेल.

हे मॉस आजूबाजूचं पाणी आंबट करतं. आम्लता, थंडी आणि हवेचा अभाव यांमुळे मेलेलं मॉस कुजत नाही, थरावर थर साचतो. तोच पीट. साचण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर थराला हजारेक वर्षं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागात पीट आहे, पण त्यात साऱ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन आहे. दलदलीत चर खणून पाणी काढलं की हवा शिरते, पीट कुजू लागतो आणि तो कार्बन वायू होऊन वर जातो.

आपल्याकडे पीट का नाही? पाऊस चार महिन्यांचा, उन्हाळा चाळिशीपार, पालापाचोळा लगेच कुजतो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली निघाला तर तो कमी धरतात. असे अहवाल शेतकऱ्यांना नवे नाहीत.

आता पाकिटाचं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याचा मॉसशी संबंध नाही. नावातल्या ‘पीट’मुळे घोळ होतो, बाकी काही नाही. कोकोपीट तांबूस असतं, त्यात काथ्याचे तंतू दिसतात, कोरडी वीट पाणी पडताच फुगते. पीट मॉस गडद तपकिरी, भुसभुशीत. एकदा पूर्ण सुकलं तर पाणी लवकर घेत नाही, वर तरंगतं. वाळलेलं स्फॅग्नम लांब, पिवळट धाग्यांसारखं असतं.

टिश्यू कल्चर केळीची रोपं असोत की भाजीपाल्याचे ट्रे, कोकोपीटवर काम भागतं. मात्र त्यात क्षार असू शकतात, म्हणून वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावं. घरच्या कुंडीला चाळलेलं शेणखतही मिसळता येतं. पीट मॉस महाग पडतं, आणि ते ज्या दलदलीतून काढलं तिथं थर पुन्हा साचायला शेकडो वर्षं जातात.