वर्गांत घडलेलीं विमानें

इ. स. १९३९ च्या सप्टेंबरची ६ तारीख. ब्रिटननें युद्ध पुकारून अवघे तीन दिवस झाले होते. शत्रूचीं विमानें येत असल्याची चुकीची वर्दी मिळाली आणि सकाळींच ब्रिटिश विमानांचीं पथकें आकाशांत चढलीं. शत्रु कोठेंच नव्हता; परंतु स्पिटफायर विमानांनीं आपल्याच पक्षाच्या दोन हरिकेन विमानांस जर्मन समजून पाडलें, आणि एक तरुण वैमानिक प्राणांस मुकला.

पुढें १९४१ च्या डिसेंबरच्या ७ तारखेस जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच रात्रीं तेथें उतरूं पाहणाऱ्या सहा अमेरिकन वाइल्डकॅट विमानांवर अमेरिकन तोफांनींच मारा केला. तीन वैमानिक मरण पावले. अंधार व भीति हीं तेथील मुख्य कारणें खरीं. तथापि आकाशांतलें विमान आपलें कीं परक्याचें, हें क्षणार्धांत ओळखणें ही केवढी निकडीची विद्या आहे, हें अशा प्रसंगांनीं सर्वांस पटविलें.

ही विद्या शिकवावयाची कशी? चित्र एकाच बाजूचें दर्शन घडवितें. विमान मात्र समोरून, खालून, तिरपें, कसेंहि दिसतें. त्यासाठीं हातांत धरून फिरवितां येईल अशी प्रतिकृति पाहिजे. कारखाने तर युद्धसामग्रींत गुंतलेले! तेव्हां १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या नौदलानें देशांतील शाळांस हांक दिली. ५० जातींचीं विमानें, प्रत्येक जातीचे १०,००० नमुने, म्हणजे एकंदर पांच लक्ष!

हजारो शाळांतून सुतारकामाचे वर्ग या कामीं लागले. आराखड्यावर विमान वरून, बाजूनें व समोरून कसें दिसतें, हें रेखलेलें असे. प्रमाण ७२ स एक. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तो नमुन्याचा एक इंच. ३८ फूट पंखविस्ताराचें वाइल्डकॅट या हिशेबानें सुमारें सव्वासहा इंचांचें होई. विद्यार्थी लांकडाच्या ठोकळ्यावर आकृति उतरून घेत, करवतीनें कापीत, चाकूनें तासीत व कांचकागदानें घाशीत. मधून मधून पुठ्ठ्याचे फर्मे लावून धडाची व पंखांची गोलाई पडताळीत. मग सरसानें जोडणी होई आणि सबंध विमानास काळा रंग दिला जाई. निशाणें वा चिन्हें मुळींच नसत. कारण दुरून चिन्ह दिसत नाहीं, दिसते ती केवळ आकृति.

या प्रमाणाची सोयहि मोठी होती. ३५ फुटांवर धरलेला नमुना सुमारें अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढा दिसे. त्यामुळें साध्या खोलींत बसूनहि आकाशाकडे पाहण्याचा अभ्यास करतां येत असे.

तयार नमुन्यांची कसून तपासणी होई आणि जो मापांत उतरत नसे तो नापास केला जाई. यांत निष्ठुरपणा नव्हता. पंखाचें टोंक गोल कीं चौकोनी, एवढ्या भेदावर शत्रु-मित्रांची पारख अवलंबून असे. आळसानें वेडेंवांकडें घासलेलें टोंक पाहून शिकलेला गोलंदाज उद्यां स्वतःच्याच बंधूवर तोफ रोखील, याची जाणीव त्या मुलामुलींना करून द्यावी लागे. परीक्षेंतील चुकीनें गुण जातात. येथें चुकीनें प्राण जाण्याचा संभव होता. शाळेच्या बांकावर काटेकोरपणाचा याहून प्रखर धडा क्वचितच दिला गेला असेल.

युद्ध १९४५ सालीं संपलें. ७२ स एक हें प्रमाण मात्र आजहि छांदिष्टांच्या आवडीचें आहे. आतां त्यांचें विमान रंगीत असतें आणि काम केवळ आनंदाचें असतें. परंतु माप चुकल्यास पुनः कानस हातीं घेण्याची जी संवय, तिचें मोल त्या काळ्या लांकडी विमानांनीं एकदां जगास दाखवून दिलें आहे.