ऐंशी स्तंभांची खिडकी आणि ‘वढू बुद्रुक’

#थ्रेड

१/ शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ११ मार्च १६८९ ही तारीख या परिसराशी कायमची जोडली गेली आहे. या गावाच्या नावातच एका वेगळ्या, तुलनेने तरुण इतिहासाचा प्रश्न दडलेला आहे : ‘वढू बुद्रुक’ ही अक्षरे संगणकाच्या पडद्यावर नेमकी किती जागा घेतात?

२/ प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’चा मराठी अवतार, म्हणजे थोरले. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. जवळच हवेली तालुक्यात वढू खुर्द हे गाव आहे. कागदावर नावाचा उत्तरार्ध कापला गेला, तर उरते नुसते ‘वढू’. मग नोंद कोणत्या गावची, थोरल्या की धाकट्या? दप्तराच्या दृष्टीने हा साधा मुद्रणदोष नव्हे, तो जमिनीचा प्रश्न आहे.

३/ नाव कापले जाते कुठे? मजकूर दाखवणाऱ्या पडद्याच्या चौकटीत. या पडद्याला ‘कन्सोल’ म्हणतात : चित्रे नाहीत, केवळ अक्षरांच्या ओळी. या चौकटीची रुंदी कोणी ठरवली, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

४/ अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्रिकांवर मोजणी केली. पुढे १९२८ मध्ये आयबीएमने आयताकृती छिद्रांची ८० स्तंभांची पत्रिका आणली. एका स्तंभात एक अक्षर, एका पत्रिकेत ८० अक्षरे. पत्रिका कालबाह्य झाली, ‘८०’ मात्र टिकून राहिले.

५/ महाराष्ट्रही या कालखंडाचा साक्षीदार आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या पिढीचे संशोधक आपला प्रोग्रॅम पत्रिकांच्या गठ्ठ्यातून यंत्रापुढे ठेवत.

६/ पत्रिकेची जागा हळूहळू काचेच्या पडद्याने घेतली. आयबीएमच्या १९७१ च्या ३२७० मालिकेतील प्रसिद्ध टर्मिनलवर ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या, म्हणजे १,९२० अक्षरे. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हीटी-१०० आले, तेही ८० बाय २४. पत्रिकेची रुंदी पडद्याने वारसाहक्काने घेतली.

७/ व्हीटी-१०० ने एक महत्त्वाची सोय दिली. प्रोग्रॅमने ठरावीक चिन्हांची एक छोटी मालिका पाठवली, की पडदा ८० स्तंभांवरून १३२ स्तंभांवर जाई. १३२ ही त्या काळातील मोठ्या ओळ-मुद्रकांची रुंदी. पडद्याची मापे यंत्राच्या मागच्या बटणांतून निघून प्रोग्रॅमच्या हाती येऊ लागली होती.

८/ १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला : ८० स्तंभ, २५ ओळी. प्रत्येक चौकटीसाठी स्मृतीत दोन बाइट. एक अक्षराचा, दुसरा त्याच्या रंगरूपाचा. ८० × २५ × २ म्हणजे ४,००० बाइट. स्मृतीच्या या पट्ट्यालाच ‘बफर’ म्हणतात. पडद्यावर दिसते ते या पट्ट्याचे प्रतिबिंब.

९/ पण पीसीच्या रंगीत पडद्याच्या कार्डावर स्मृती होती १६ किलोबाइट. म्हणजे एका पडद्याला लागते त्याच्या चौपट. त्यामुळे बफरात चार पडद्यांचा मजकूर राही आणि दिसे एकाच पडद्याचा. दिसणारा भाग कोठून सुरू व्हावा, हे प्रोग्रॅम कार्डाला सांगू शके.

१०/ येथे ‘विंडो’ आणि ‘बफर’ यांतील भेद स्पष्ट होतो. वाड्याच्या झरोक्यातून रस्त्यावरची पालखी पाहणाऱ्याला दिंडीचा एकच तुकडा दिसतो. दिंडी मात्र दोन्ही अंगांना पसरलेली असते. झरोका म्हणजे विंडो, दिंडी म्हणजे बफर. झरोका दिंडीपेक्षा लहान असू शकतो. झरोक्यात दिंडीच नाही असा भाग मात्र असता कामा नये.

११/ हाच नियम पुढे मायक्रोसॉफ्टने काटेकोरपणे अमलात आणला. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये कन्सोलसाठी दोन वेगळ्या आज्ञा होत्या : ‘सेट कन्सोल स्क्रीन बफर साइझ’ बफरासाठी आणि ‘सेट कन्सोल विंडो इन्फो’ खिडकीसाठी. खिडकी बफराच्या बाहेर गेली, तर आज्ञा फेटाळली जाते. बफर खिडकीहून लहान करू पाहिला, तरीही तेच.

१२/ म्हणून क्रमाला महत्त्व आले. पडदा मोठा करायचा, तर आधी बफर वाढवावा, मग खिडकी. लहान करायचा, तर आधी खिडकी आवळावी, मग बफर. क्रम उलटला की प्रोग्रॅम अडतो. शिवाय मोजणी शून्यापासून होते : ८० स्तंभांच्या खिडकीची उजवी कड ७९. येथे ८० लिहिणारा नवशिका एका स्तंभाने बफराबाहेर पडतो आणि आज्ञा का फसली, हे शोधत बसतो.

१३/ २००५ च्या डॉटनेट २.० मध्ये हीच कामे ‘सेट विंडो साइझ’ आणि ‘सेट बफर साइझ’ अशा सुटसुटीत आज्ञांनी होऊ लागली. खिडकी जास्तीत जास्त किती मोठी होऊ शकते, हे मात्र टंकाचा आकार आणि प्रत्यक्ष पडदा यांवर ठरते. तेही प्रोग्रॅमला विचारून घेता येते. युनिक्सच्या परंपरेत रिवाज वेगळा पडला. तेथे वापरणारा खिडकी ओढून लहानमोठी करतो आणि प्रोग्रॅमला ‘माप बदलले’ असा संकेत मिळतो.

१४/ आता मूळ प्रश्नाकडे. या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच गृहीतक होता : एक चौकट, एक अक्षर. इंग्रजीला ते चपखल बसते. देवनागरीला? काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरे, रफार... येथे अक्षर ही सुटी वीट नसून जोडून घडवलेली मूर्ती आहे. पीसीच्या अक्षरसंचात अवघ्या २५६ आकृतींना जागा होती. देवनागरीची सारी जोडाक्षरे त्यात मावणे शक्यच नव्हते.

१५/ या कोंडीवरचा भारतीय तोडगा म्हणजे ‘जिस्ट’. त्याची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली. १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी टर्मिनलचा नमुना लोकांपुढे आला. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि हे काम पुण्यात आले. या कार्याशी मोहन तांबे यांचे नाव निगडित आहे. ‘परम’ महासंगणकामुळे सी-डॅक प्रसिद्ध झाले; सामान्य कचेरीपर्यंत मात्र आधी पोचले ते जिस्ट.

१६/ कल्पना मोठी मार्मिक होती. जिस्ट हे पीसीच्या आत बसवायचे एक कार्ड होते. डीबेस, वर्डस्टार यांसारखे डॉसवरचे इंग्रजी प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत. त्यांना मराठीची वार्ताही नसे. प्रोग्रॅम बफरात संकेत लिही आणि ते जोडून देवनागरी घडवण्याचे काम कार्ड करी. पाश्चात्त्य प्रोग्रॅमला हात न लावता त्याची खिडकी मराठी झाली.

१७/ त्यामागे होती ‘इस्की’ ही संकेतप्रणाली, जिला १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानकाचे रूप मिळाले. तिचे तत्त्व असे : आकृती साठवू नका, उच्चारक्रम साठवा. ‘द्रु’ ही एक आकृती नव्हे. ती द, हलन्त, र, उकार या चार संकेतांची साखळी. त्यामुळे तोच मजकूर लिपी बदलून गुजराती, बंगाली वा कन्नडमध्ये दाखवता येई. १९९१ च्या युनिकोडनेही देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली.

१८/ या तत्त्वाने ‘वढू बुद्रुक’ मोजून पाहावे. व, ढ, ऊकार, मोकळी जागा, ब, उकार, द, हलन्त, र, उकार, क : एकूण ११ संकेत. डोळ्यांना दिसतात मात्र पाचच अक्षरे : व, ढू, बु, द्रु, क. मधली मोकळी जागा धरून सहा. प्रोग्रॅमची मोजणी एक आणि वाचकाची दुसरी.

१९/ आता डीबेसमधील एखाद्या रकान्याची कल्पना करावी. तेथे रकान्याची रुंदी आधीच पक्की ठरवावी लागे. समजा, गावाच्या नावासाठी १० जागा ठेवल्या. ‘वढू खुर्द’चे संकेत ९, ते सुखाने मावते. ‘वढू बुद्रुक’चे ११, ते ‘वढू बुद्रु’ होऊन थांबते. आठच जागा असत्या, तर ‘वढू बुद्’ असा हलन्तावर तुटलेला अवशेष उरला असता. धाकटे गाव अखंड, थोरले मात्र छाटलेले!

२०/ हे केवळ तर्कट नव्हे. १९८८-८९ मध्ये केंद्राने जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाची प्रायोगिक योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. सातबाऱ्यावरचे गाव, खातेदार आणि त्याच्या बापाचे नाव रकान्यांत बसवताना रुंदी कोणी आणि कशात मोजली, यावर माणसाच्या हक्काची नोंद शाबूत राहणे अवलंबून होते. हाती लिहिणारा तलाठी समासात ‘बु.’ लिहून निभावून नेई. यंत्राला समास नसतो.

२१/ पुढच्या वळणावर इतिहासाने एक विपरीत गोष्ट घडवली. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ टंकासह देवनागरी आली. चित्रमय खिडक्यांत मराठी नीट उमटू लागली. पण त्याच विंडोजच्या कन्सोलमध्ये ‘एक चौकट, एक संकेत’ हा जुना नियम कायम होता. परिणामी तेथे मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन किंवा सुटे पडलेले उकार दिसत. डॉसच्या काळात जिस्ट कार्डाने जे साधले होते, ते अधिक सामर्थ्यशाली प्रणालीच्या कन्सोलने गमावले.

२२/ युनिक्स परंपरेतील टर्मिनल्सनी दुसरी वाट धरली. उकार आणि हलन्त यांची रुंदी शून्य मानायची, व्यंजनाची एक. या हिशेबाने ‘वढू बुद्रुक’ सात स्तंभ घेते, कारण ‘द्रु’मधील द आणि र वेगवेगळे मोजले जातात. तक्त्याची उभी रेघ म्हणूनच मराठी नावापाशी सरकलेली दिसते. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात मात्र याच नावाचे ३१ बाइट होतात : देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन आणि मोकळ्या जागेला एक.

२३/ म्हणजे एकाच नावाची चार मापे झाली : वाचकासाठी ६, टर्मिनलसाठी ७, संकेतप्रणालीसाठी ११, साठवणुकीसाठी ३१. बफर बाइटांत मोजून खिडकी अक्षरांत मोजणारा, किंवा उलट करणारा प्रोग्रॅम कोठेतरी एखादे नाव कापतोच. जो मोजण्याआधी ‘कशाचे माप?’ असे विचारतो, त्याच्याकडून ही चूक होत नाही.

२४/ मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये नवे विंडोज टर्मिनल जाहीर केले. आता खिडकीचे माप वापरणाऱ्याच्या हाती आहे आणि प्रोग्रॅमने ते बळाने बदलण्याचा रिवाज मागे पडत आहे. जोडाक्षर हा एकच घटक मानण्याचा विचारही टर्मिनलच्या जगात रुजू लागला आहे. पुण्यात तीन दशकांपूर्वी ओळखलेला प्रश्न आता जगाच्या पटलावर आला आहे.

२५/ हॉलरिथच्या पुठ्ठ्यापासून आजच्या पडद्यापर्यंत चौकटी बदलल्या, त्यांत बसू पाहणारी नावे मात्र जुनीच राहिली. मोडी कागदातून बाळबोधात, बाळबोधातून इस्कीत आणि इस्कीतून युनिकोडमध्ये गावे प्रवास करत आली. प्रत्येक मुक्कामी कोणीतरी त्यांच्यासाठी जागा मोजली. ती मोजताना ‘बुद्रुक’चा शेवटचा ‘क’ सांभाळणे, हेही इतिहास जपण्याचेच काम आहे.

(समाप्त)