माळढोक अभयारण्य, १९७९–२०१२ : सीमारेषा आणि शेती

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौ. कि. मी. क्षेत्र माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित केले. १९७० च्या दशकात सोलापूरजवळील नान्नज येथे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमांतर्गत राखलेल्या गवताळ पट्ट्यांत हा पक्षी आढळत होता. सोलापूरचे निसर्गनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्याकडे लक्ष वेधले. म्हणजे दुष्काळी भागातील माणसांसाठी आखलेल्या योजनेनेच पक्ष्याला आसरा दिला होता. पुढील वादात ही बाब जवळजवळ विस्मृतीत गेली.

घोषित क्षेत्रात वनजमीन अल्प होती. गावे, बाजारपेठा, रस्ते आणि खासगी शेते यांचाच भरणा अधिक होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील अभयारण्याची कल्पना मात्र प्रामुख्याने वनखात्याच्या ताब्यातील जंगल गृहीत धरणारी होती. त्यामुळे जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवानगी, खाणकाम, उद्योग अशा व्यवहारांत अडथळे निर्माण झाले. ज्याने माळढोक कधी पाहिलाही नव्हता, अशा शेतकऱ्याला तो आपल्या सातबाऱ्याच्या आड उभा असल्यासारखा वाटू लागला. हा रोष अनाठायी म्हणता येत नाही.

तथापि पक्ष्याच्या ऱ्हासाशी ज्या बदलाचा निकटचा संबंध होता, त्यास कायद्याचा स्पर्शही झाला नाही. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर साधारणतः एकच अंडे घालते. गवताळ माळ आणि त्यालगतची कोरडवाहू शेते हे त्याचे चरण्याचे क्षेत्र. उजनी प्रकल्पाचे पाणी व विहिरींवरील सिंचन यांमुळे जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. जमीन विकताना अडणारा शेतकरी ऊस लावताना अडत नव्हता! ज्वारीचे कोरडवाहू रान टिकविणाऱ्यास मोबदला देण्याचा विचार आरंभीच झाला असता, तर संघर्षाचे स्वरूप बहुधा वेगळे राहिले असते.

मध्य प्रदेशातील करैरा येथील अनुभवही याहून भिन्न नव्हता. तेथे १९८१ मध्ये अभयारण्य झाले. संरक्षणामुळे काळवीट वाढले, पिकांची नासाडी झाली आणि राग माळढोकावर निघाला. १९९० च्या दशकात तो तेथून दिसेनासा झाला.

सोलापूर-अहमदनगरची सीमा बदलणेही सोपे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००० मधील आदेशाने कोणतेही अभयारण्य न्यायालयाच्या परवानगीवाचून कमी करण्यास मनाई केली होती. अखेर २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि. मी. इतके मर्यादित झाले. त्याच्या आदल्याच वर्षी माळढोकाची जागतिक नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली होती. वगळलेल्या गावांतील जमिनीचे व्यवहार मोकळे झाले. उरलेल्या क्षेत्रात पीकपद्धतीचा प्रश्न मात्र १९७९ इतकाच अनिर्णित राहिला.