जोडडिस्कची कुळकथा

1976 साली कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनोच्या टँडम कंपनीने आपला पहिला संगणक सिटीबँकेला दिला. जिमी ट्रेबिग यांनी दोनच वर्षांपूर्वी काढलेली ही कंपनी बंद न पडणारं यंत्र विकत होती. बँकेचा व्यवहार मध्येच अडकता कामा नये, म्हणून आतलं सगळं दुहेरी: प्रोसेसर, कंट्रोलर, डिस्कही. हीच जोडडिस्क: लिहायचं ते दोन्ही डिस्कवर, वाचायचं ते जिच्यावरून लवकर मिळेल तिच्यावरून. एक गेली तरी काम सुरूच, आणि नवी बसवली की चालू यंत्रातच तिच्यावर प्रत उतरायची.

बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 च्या निबंधात अनेक डिस्क एकत्र वापरणाऱ्या पद्धतींच्या घराण्याला ‘रेड’ हे नाव दिलं. त्यात जोडडिस्कला पहिला क्रमांक मिळाला, पण तो मानाचा नव्हता. ती जुनी, सर्वांना ठाऊक असलेली आणि सर्वांत महाग पद्धत होती. निम्मी जागा प्रतीतच जाते. त्यांना स्वस्त पर्याय हवे होते आणि ते त्यांनी मांडलेही. तरी सर्व्हरच्या सिस्टिम डिस्कसाठी आजही बहुतेकजण जोडीच लावतात, आणि माझ्या मते ते बरोबरच करतात. तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे.

1989 मध्ये कॉम्पॅकने सिस्टिमप्रो या सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळण्याचं काम एका कार्डावर सोपवलं. पुढे कॉम्पॅकने 1997 मध्ये टँडम विकत घेतली, 2002 मध्ये कॉम्पॅकच एचपीत गेली आणि दोन्ही शाखा एका छपराखाली आल्या. एचपीच्या जुन्या प्रोलायंट सर्व्हरवर जोडी बांधणं पाच मिनिटांचं काम आहे. मशीन सुरू होताना एफ-8 दाबायचं, दोन डिस्क निवडायच्या, आराखडा सेव्ह करायचा. यानंतर ऑपरेटिंग सिस्टिमला दिसते ती एकच डिस्क.

खरी गोम इथेच आहे. कार्ड बिघाड इतका बेमालूम झाकतं, की एक डिस्क मेली तरी वरच्या प्रोग्रॅमना पत्ता लागत नाही. हिशेब पाहा. एक डिस्क सरासरी 10,000 तास टिकते आणि ती बदलायला 24 तास लागतात असं धरलं, तर दोन्ही एकदम जाण्याचा सरासरी काळ सुमारे 238 वर्षं येतो. बदलायला महिना लागला, तर तोच आकडा आठ वर्षांच्या आत उतरतो. हा हिशेब दोन्ही डिस्क स्वतंत्रपणे बिघडतात असं गृहीत धरतो. एकाच लॉटमधल्या, एकाच दिवशी बसवलेल्या डिस्कना ते लागू पडेलच असं नाही. डिस्क त्याच, कार्ड तेच. फरक पडतो तो बिघाड किती लवकर कळला याने.

डिस्कवरचा पिवळा दिवा लागतो, पण कुलूपबंद खोलीत तो कोण पाहणार? म्हणून एचपीएसीयूसीएलआय या कमांडने दर तासाला कार्डाला विचारायचं आणि ‘ओके’शिवाय दुसरं काही आलं की मेल पाठवायचा, अशी सोय हवीच. एक डिस्क गेली की जोडीपुढे ‘इंटरिम रिकव्हरी मोड’ दिसतं. अशा वेळी घाईने खेचाखेची करू नये. त्याच कमांडने मेलेल्या डिस्कच्या खणाचा दिवा लुकलुकवून खात्री करावी, मगच हात घालावा. चांगली डिस्क उपसली गेली तर जोडीत काहीच उरत नाही. नवी बसली की ‘रिकव्हरिंग’ दिसतं आणि प्रत उतरू लागते.

प्रत उतरण्याच्या त्या तासांत सगळा भार उरलेल्या जुन्या डिस्कवर असतो. तिचे कधीच न वाचलेले कोपरे खराब निघाले, तर प्रत अपुरी राहते. म्हणून कार्ड निवांत असताना दोन्ही डिस्कचा पृष्ठभाग आपणहून वाचत राहतं. सर्फेस स्कॅन नावाची ही सोय बंद केलेली नाही ना, हे जुना सर्व्हर ताब्यात घेतानाच तपासावं.