'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' का चुकतं? 'आयएनजी' कधी लावायचा, कधी नाही

इंटरव्ह्यूत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' असं विचारलं की आपल्यातले बरेच जण सुरू होतात, 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' समोरच्याला सगळं समजतं. पण यातलं दुसरं वाक्य चुकीचं आहे आणि पहिल्याचा अर्थ आपल्याला हवा तो निघत नाही.

आधी पहिलं वाक्य घेऊ. 'आय लिव्ह इन नाशिक' म्हणजे मी नाशिकला राहतो. 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक' म्हणजे सध्या नाशिकला राहतोय, पुढचं माहीत नाही. हा फरक मराठीतही आहेच. 'मी जिमला जातो' म्हणजे सवय आणि 'मी जिमला जातोय' म्हणजे आत्ता निघालोय किंवा हल्ली सुरू केलंय. त्यामुळे सोपी युक्ती अशी, की वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. 'करतो' आलं तर साधा काळ, 'करतोय' आलं तर आयएनजी. 'मी उद्या पुण्याला जातोय' हेसुद्धा इंग्रजीत जसंच्या तसं चालतं, 'आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो'.

पण ही युक्ती एका ठिकाणी हमखास फसवते. मराठीत आपण 'मला कळतंय', 'मला आठवतंय', 'मला वाटतंय' असं बिनधास्त म्हणतो. इंग्रजीत कळणं, आठवणं, हवं असणं, मालकीचं असणं या क्रिया नाहीत, अवस्था आहेत. त्या 'चालू' नसतात. असतात किंवा नसतात. म्हणून 'आय अंडरस्टँड', 'आय रिमेंबर', 'आय वॉन्ट', 'आय नो'. आणि म्हणूनच 'आय हॅव टू ब्रदर्स'. भाऊ असणं ही काही सध्या सुरू असलेली घडामोड नाही!

मग 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर कसं? कारण तिथे 'हॅव'चा अर्थ जेवणं, म्हणजे क्रिया. 'थिंक'चंही तसंच. 'आय थिंक ही इज राइट' हे मत झालं, तर 'आय ॲम थिंकिंग' म्हणजे डोक्यात विचार सुरू आहे. 'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट, 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता तसं वागतोय. बॉसबद्दल बोलताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

'मग मॅकडोनाल्ड्सचं काय?' असं कुणीतरी विचारणारच. 2003 मध्ये आलेल्या त्यांच्या 'आयम लव्हिंग इट' या घोषवाक्यात 'लव्ह'ला मुद्दाम आयएनजी लावलाय. 'मला आवडतं' असं नाही, तर 'हा घास खाताना आत्ता मजा येतेय' असं सांगायचंय. बोलताना हे चालतं, नोकरीच्या अर्जात नको.

आपली ही सवय जुनी आहे. मुंबईच्या बेने इस्रायली समाजातले कवी निसीम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही अख्खी कविता अशाच भारतीय आयएनजीवर उभी केली. भाषातज्ज्ञ हे भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य मानतात आणि आपापसात बोलताना त्याने काही बिघडत नाही. आयईएलटीएस किंवा परदेशी क्लायंटच्या कॉलवर मात्र ते चूक म्हणूनच धरलं जाण्याची शक्यता जास्त.

त्या कॉलवर कुणी 'व्हॉट डू यू डू?' विचारलं तर 'नथिंग, जस्ट सिटिंग' म्हणू नका. 'आत्ता काय करताय' हे 'व्हॉट आर यू डूइंग?' असतं. इथे तुमचा कामधंदा विचारलाय.