आपल्या सोसायटीतल्या जर्मन गाड्या

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहा म्हटलं, तेव्हा मी आधी नकारच दिला. नोंदणी, प्लॉटवाटप, बोअरवेल, पहिली कार्यकारिणी हे सगळं अध्यक्षसाहेब सविस्तर लिहिणार आहेत आणि इतिवृत्ताची वहीही त्यांच्याच कपाटात आहे. माझ्याकडे वही नाही. पण मागच्या कंपाउंडला लागून जे टिनाचं शेड आहे, त्याखालच्या तीन गाड्यांचा इतिहास मला तोंडपाठ आहे. एक गुरुजींची ट्रॅक्स, दुसरी माझी ओपेल कोर्सा आणि तिसरी ठेकेदारसाहेबांची मर्सिडीज. सोसायटीतली पोरं त्या शेडला ‘जर्मनी’ म्हणतात. चेंडू तिकडे गेला की ‘जर्मनीत गेला’ अशी आरोळी उठते.

बाभुळगावात जर्मन गाड्या कुठून आल्या, असं पाहुणे विचारतात. खरं तर त्या आपल्याकडे फार आधीपासून आहेत, आपणच त्यांना ओळखत नव्हतो. माझ्या लहानपणी कापसाच्या गाठी भरून ट्रक धामणगाव स्टेशनकडे जायचे. त्यांच्या नाकावर वर्तुळातला तीन टोकांचा तारा असायचा. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले होते. तो करार १५ वर्षांचा. १९६९ मध्ये तो संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. जुने ड्रायव्हर मात्र नंतरही कित्येक वर्षं ‘टाटा मर्सिडीज’च म्हणायचे. आम्हा पोरांना मर्सिडीज म्हणजे ट्रक एवढंच माहीत. श्रीमंतांची मोटारही त्याच नावाची असते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट ‘टेम्पो’ शब्दाची. आपण कुठल्याही मालवाहू छोट्या गाडीला टेम्पो म्हणतो, पण ते हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाडीचं नाव. त्या कारखान्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली. फिरोदिया नगरचे, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेलेले. सुरुवातीला तीन चाकांची गाडी, पुढे आकुर्डीचा कारखाना, मग मॅटाडोर. मी बँकेत लागलो तेव्हा मॅटाडोरच्या कर्जाचे अर्ज यायचे. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढवून घ्यायचा, हप्ते बांधायचे आणि पावसाळा सरला की वसुलीला निघायचं. हप्ता थकला तर गाडी ओढून आणायची वेळ यायची, ते काम मला कधीच आवडलं नाही. गाडी गेली की त्या घरातलं एक माणूस बेकार व्हायचं.

गुरुजींची ट्रॅक्स याच घराण्यातली. १९९८ ची, खाजगी नोंदणीची. बेंबळा धरणाच्या बाजूला त्यांचं शेत आहे. मजूर न्यायचे, फवारणीचं पाणी न्यायचं, वेचणीचा कापूस घरी आणायचा, यासाठी घेतलेली. तिला जर्मन गाडी म्हटलं की लोक हसतात. पण बॉनेट उघडून पाहा. आतलं इंजिन मर्सिडीजचं ओएम ६१६, चार सिलिंडरचं, २४०० सीसीला एक कमी. हे इंजिन जर्मनीत १९७३ पासून मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत बसत होतं आणि तिकडच्या टॅक्सीवाल्यांचं ते लाडकं होतं. बजाज टेम्पोने परवाना घेऊन तेच पुण्यात बनवलं आणि ट्रॅक्समध्ये, ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. म्हणजे तिकडे ज्या इंजिनावर साहेबलोक विमानतळावर जात, त्याच जातीच्या इंजिनावर आपल्या वेचणीच्या बाया शेतात गेल्या.

गुरुजी तिला कधी गॅरेजात नेत नाहीत. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी चटई अंथरतात, पट्ट्यांचा गेज घेऊन टॅपेट सेट करतात, डिझेल फिल्टर बदलतात आणि हातपंपाने एअर काढतात. एअर नीट निघाली नाही तर गाडी खोकलते आणि बंद पडते. मग गुरुजी वर्गात विद्यार्थ्याकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहतात. माझी कामं करून देणारा गावातला मिस्तरी एकदा म्हणाला होता, ‘‘साहेब, गुरुजीच्या गाडीले मिस्तरीच लागत नाई, आमचं पोट कसं भरंल?’’

घरच्या घरी दुरुस्ती ही जर्मन मोटारीची पहिल्या दिवसापासूनची रीत आहे, हे फार जणांना माहीत नसतं. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं, पण गाडी कुणी विकत घेईना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्या गाडीने मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या यवतमाळ-अमरावतीच्या आसपास. वाटेत इंधन संपलं ते तिने औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटार एका गृहिणीने चालवली आणि तिनेच ती दुरुस्त केली. ही गोष्ट मी एकदा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात सांगितली होती. त्यानंतर आमच्या घरी, ‘मग मला गाडी शिकवायला इतकी वर्षं का लावली?’ हा प्रश्न आला. त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

आता माझी कोर्सा. २००३ साली स्टाफ लोनवर घेतली. सगळे म्हणत होते मारुती घ्या, पण मला तिचं दार आवडलं. ते लागताना जो आवाज होतो ना, बँकेच्या स्ट्राँगरूमचं दार लागल्यासारखा, त्यावर मी भाळलो. ओपेल ही जर्मन कंपनी, तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची. गुजरातेत हालोलला त्यांचा कारखाना. १९९६ मध्ये ॲस्ट्रा आली, २००० मध्ये कोर्सा आणि २००६ मध्ये ओपेलचं नाव आपल्या देशातून उठलं. माझ्या कर्जाचे हप्ते चालूच होते आणि गाडीची कंपनी गेली होती! पुढे २०१७ च्या शेवटी जनरल मोटर्सनेही इथली विक्री थांबवली. तेव्हापासून पार्ट म्हणजे शोधाशोध. हेडलाइटची एक काच मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सामानाच्या दुकानात शोधली. पुतणीच्या लग्नाला मुंबईला गेलो होतो, तिथून साडीच्या पिशवीत गुंडाळून आणली.

ठेकेदारसाहेबांची आणि माझी दोस्ती मात्र उशिरा झाली, आणि तीही भांडणातून. २००७ मध्ये त्यांनी नागपूरहून जुनी मर्सिडीज ठरवली आणि कर्जासाठी माझ्या टेबलाशी आले. गाडी १९९६ ची. अकरा वर्षं जुनी गाडी तारण घ्यायला आमच्या नियमात जागा नव्हती. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, ‘‘तुम्हाले गाडी दिसत नाई, फक्त साल दिसते.’’ रोख देऊन त्यांनी गाडी आणली आणि माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. एकाच सोसायटीत, समोरासमोर घरं असून.

मग २००९ च्या मे महिन्यात भर दुपारी यवतमाळहून येताना माझ्या कोर्साचा रेडिएटरचा पाइप फाटला. वाफेचा लोट. सोबत सौभाग्यवती, आणि दूरवर सावलीचं झाड नाही. मागून मर्सिडीज आली, थांबली. ठेकेदारसाहेब उतरले, काही बोलले नाहीत, डिकीतून दोर काढला आणि माझी गाडी शेडपर्यंत ओढत आणली. दोर सोडताना एवढंच म्हणाले, ‘‘साल पाहून नाई ओढली.’’ संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो.

ती मर्सिडीज खरोखर पाहण्यासारखी आहे. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी १९९४ मध्ये पुण्यात निघाली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात गाड्या बांधू लागली. पहिली गाडी हीच, डब्ल्यू १२४. जर्मनीत तेव्हा हे मॉडेल संपत आलं होतं आणि नवं येत होतं, म्हणून इथले काही श्रीमंत नाराज झाले म्हणे. पण ज्यांना गाड्या कळतात ते सांगतात की कंपनीने इतकी दणकट गाडी क्वचितच केली असेल. पुढच्या काचेला वायपर एकच. तो नुसता इकडून तिकडे फिरत नाही, कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि मध्ये आखडतो, त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. पहिला पाऊस आला की शाळेची पोरं वायपर पाहायला शेडमध्ये गोळा व्हायची, आणि ठेकेदारसाहेब पाऊस थांबल्यावरही त्यांच्यासाठी तो फिरवत बसायचे.

विदर्भाचा उन्हाळा या गाड्यांच्या लोखंडाला काही करत नाही, रबराला खातो. बुश, होज, दारांची पट्टी सगळं तडकतं. आम्ही तिघं एप्रिल लागला की एकेका गाडीचं रबर तपासायला घ्यायचो. गुरुजी खाली झोपायचे, ठेकेदारसाहेब बॅटरी धरायचे आणि मी वहीत लिहायचो. माझ्या हाताला पान्यापेक्षा पेन बरं. ठेकेदारसाहेबांना मुंबईत २०१४ पासून भरणारी जुन्या मर्सिडीजची रॅली पाहायची होती. एका वर्षी ते धामणगावहून रेल्वेने जाऊन पाहून आले. परतल्यावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. तिथे गुरुजींच्या इंजिनाची २४० डी दिसली, हे त्यांनी गुरुजींना तीनदा सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी ठेकेदारसाहेब गेले. मुलगा पुण्याला आयटीत असतो. तो वाईट नाही, पण म्हणतो की काका, भंगारात द्या, आईला त्रास नको. वहिनी काही म्हणत नाहीत. दर रविवारी सकाळी त्या किल्ली घेऊन शेडमध्ये येतात आणि मला देतात. डिझेल गाडी, किल्ली अर्धी फिरवली की हीटर प्लगचा पिवळा दिवा लागतो. तो विझल्यावरच सेल्फ मारायचा. मी घाई केली की वहिनी मागून सांगतात, ‘‘दिवा विझू द्या, भाऊजी.’’ दहा मिनिटं इंजिन चालतं, तोवर त्या तिथेच उभ्या असतात.

आता मुद्द्याचं. मागच्या सभेत ठराव मांडला गेला की शेडमधली जुनी वाहनं हटवून तिथे दुचाकींची सोय करावी. चर्चेत एक-दोन चुकीच्या गोष्टी बोलल्या गेल्या, त्या दुरुस्त करणं माझं काम आहे. डिझेल गाडी १० वर्षांनंतर चालवता येत नाही, हा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागासाठी झालेला, तो यवतमाळ जिल्ह्याला लागू नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची १५ वर्षांनंतर तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. शुल्क मात्र वाढलं आहे. मोटारीचं ६०० रुपये होतं, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० केलं. विंटेज म्हणून वेगळी नोंदणी हवी तर गाडी ५० वर्षांची लागते. म्हणजे ही मर्सिडीज २०४६ साली विंटेज होईल. मी तेव्हा ९६ वर्षांचा असेन, ठरावाला हात वर करण्याइतपत शक्ती राहिली तर येईन.

जर्मनीत ३० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला १९९७ पासून नंबरप्लेटवर ‘एच’ अक्षर मिळतं आणि कराचीही वेगळी सवलत असते. आपल्या शेडमधली मर्सिडीज २०२६ मध्ये ३० वर्षांची होते. त्याच वर्षी तिची नोंदणीही संपते. त्याआधी फॉर्म ३१ भरून गाडी वहिनींच्या नावावर करायची आहे, मग फॉर्म २५. कागद मी तयार केले आहेत. शुल्काचे दहा हजार गुरुजी आणि मी निम्मे-निम्मे देणार होतो, पण वहिनींनी ते नाकारलं. त्यांनी बांगड्यांच्या डब्यातून पैसे काढून माझ्यासमोर मोजले आणि पावती त्यांच्याच नावाने हवी असं बजावलं.

शेडच्या पूर्वेकडचा कोपरा रिकामा आहे. मी टेपने मोजला, सात दुचाक्या सहज बसतात. गुरुजींनी ट्रॅक्स दोन फूट भिंतीकडे सरकवायचं कबूल केलं आहे, मग नऊ बसतील. नकाशा काढून सचिवांकडे दिला आहे. पुढच्या सभेत ठराव आला तर मी विरोधात मत देणार, हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे इतिवृत्तात वेगळं लिहायची गरज नाही.