समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींसाठी समुपदेशन : कशासाठी, कसे आणि कोणाकडे?

‘डॉक्टर, याच्या हार्मोनच्या तपासण्या करायच्या का? एखादे इंजेक्शन असते का?’ आपला मुलगा समलिंगी आहे हे नुकतेच कळलेले आईवडील ओपीडीत येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. त्याची झोप उडालेली असते, जेवण कमी झालेले असते, कामात लक्ष लागत नसते. पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. उपचाराची गरज आहे ती या त्रासाला. त्याच्या आवडीला नाही.

थोडक्यात महत्त्वाचे

• समलिंगी किंवा उभयलिंगी असणे हा आजार नाही. त्यामुळे त्यावर औषध, इंजेक्शन किंवा ‘बदलण्याचा’ उपचार नाही.
• भीती, अपराधीपणा आणि घरच्यांच्या दबावातून येणारे नैराश्य व चिंता मात्र खऱ्या असतात आणि उपचारांनी बऱ्या होतात.
• कल बदलून देण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणाकडेही जाऊ नका.

हा आजार का नाही?

आपल्याला प्रेम आणि शारीरिक ओढ कोणाविषयी वाटते याला लैंगिक कल म्हणतात. काहींना ती भिन्नलिंगी व्यक्तींविषयी वाटते, काहींना समलिंगी, तर काहींना दोन्हींविषयी. या शेवटच्या गटाला उभयलिंगी किंवा बायसेक्शुअल म्हणतात. कल कोणी ठरवून निवडत नाही. तो संगोपनातल्या चुकीमुळे, मित्रांच्या संगतीमुळे किंवा मोबाइलमुळे होत नाही. हार्मोनचाही दोष नसतो. समलिंगी पुरुषाला टेस्टोस्टेरॉन दिले तर ओढीची दिशा बदलत नाही, दुष्परिणामांचा धोका मात्र वाढतो.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केले. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, २०१८ मध्ये हीच भूमिका जाहीर केली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

मग समुपदेशन कशासाठी?

लहानपणापासून वर्गात, चित्रपटांत, घरच्या गप्पांत ‘असल्या’ लोकांची टिंगल ऐकत मोठे झालेले मूल हळूहळू तीच टिंगल स्वतःलाच करू लागते. सतत काहीतरी लपवायचे, बोलताना शब्द जपून वापरायचे, फोन कोणाच्या हाती लागू नये म्हणून धास्तावून राहायचे. हा ताण वर्षानुवर्षे साचतो. मानसशास्त्रात याला मायनॉरिटी स्ट्रेस, म्हणजे अल्पसंख्य असल्यामुळे येणारा ताण म्हणतात. त्यातून नैराश्य, चिंता, दारू किंवा इतर व्यसने आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण वाढते.

प्रत्येकाची अडचण सारखी नसते. लेस्बियन मुलींवर लग्नाचा दबाव लवकर येतो आणि स्वतःची कमाई नसेल तर घराबाहेर पडणेही कठीण असते. उभयलिंगी व्यक्तींना ‘मग मुलीशी लग्न कर, प्रश्न मिटला’ असे सांगितले जाते, आणि समलिंगी मित्रही कधीकधी ‘तुझे अजून ठरलेले नाही’ म्हणतात. दोन्हीकडून अविश्वास वाट्याला येतो.

अफर्मेटिव्ह समुपदेशन म्हणजे काय?

याला मराठीत स्वीकारशील समुपदेशन म्हणता येईल. यात समुपदेशक कलाकडे दोष म्हणून पाहत नाही आणि त्याचे कारण शोधत बसत नाही. त्रासाचा किती भाग आजाराचा आहे आणि किती परिस्थितीचा, हे तो वेगळे करून पाहतो. ‘चालेल, मला काही अडचण नाही’ असे म्हणणे एवढ्याने भागत नाही. समलिंगी माणसाच्या रोजच्या जगण्यातल्या अडचणी समुपदेशकाला माहीत असाव्या लागतात.

याचा अर्थ कोणाला ‘तू समलिंगीच आहेस’ असे पटवून देणे असाही नाही. ज्याला अजून स्वतःबद्दल खात्री नाही त्याला वेळ दिला जातो. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असलेल्या काही रुग्णांना ‘मी समलिंगी तर नाही ना’ हा नकोसा विचार सतत छळतो आणि ते पुन्हा पुन्हा स्वतःला तपासत राहतात. तिथे उपचार ओसीडीचा असतो. म्हणून पहिल्या भेटीत नीट तपासणी महत्त्वाची.

सत्रांमध्ये काय होते?

साधारण ४५ ते ६० मिनिटांचे एक सत्र असते. सुरुवातीला झोप, भूक, काम, व्यसन, नाती आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांबद्दल विचारले जाते. पुढील सत्रांत पुढील कामे होतात.

• ‘मी घाणेरडा आहे’, ‘माझ्यामुळे घराण्याची अब्रू जाईल’ असे विचार कुठून आले हे पाहणे आणि ते तपासून बदलणे.
• स्थळे येऊ लागली की काय बोलायचे याची तयारी करणे.
• विश्वासाची माणसे शोधणे, एकटेपणा कमी करणे.
• नात्यातल्या अडचणी, ब्रेकअप, सुरक्षित संबंध यांवर बोलणे.

नैराश्य किंवा चिंता तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात. ही औषधे त्या आजाराची असतात, कलाची नव्हेत.

घरी सांगायचे की नाही?

हा निर्णय फक्त त्या व्यक्तीचा. सांगितले म्हणजेच माणूस धीट, असे नाही. चांगला समुपदेशक घाई करत नाही. तो विचारतो : मारहाण होईल का? शिक्षण थांबवतील का? राहायला दुसरी जागा, हाताशी पैसे आणि आपली कागदपत्रे आहेत का? घरात आधी कोणाला सांगणे सोपे जाईल, बहिणीला की मावशीला? उत्तरे धोक्याची असतील तर काही काळ न सांगणे हाही शहाणपणाचा निर्णय असतो.

काय होऊ नये?

शॉक देणे, उलटी आणणारी औषधे, हार्मोनची इंजेक्शने, संमोहनाने आवड ‘वळवणे’, अंगारे-धुपारे आणि ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ हा सल्ला यांनी कल बदलत नाही. त्रास मात्र वाढतो, आणि लग्नाच्या सल्ल्यात तर दुसऱ्या घरची एक निरपराध व्यक्तीही भरडली जाते. मद्रास उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याचा ‘उपचार’ हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. असा उपचार करणाऱ्या डॉक्टरची तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे करता येते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवावी लागते. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र गोपनीयतेला अपवाद असतो. रुग्ण १८ वर्षांखालील असेल तर पालकांना काय सांगितले जाईल हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

योग्य समुपदेशक कसा ओळखावा?

फोनवरच विचारा : ‘तुम्ही समलिंगी, उभयलिंगी व्यक्तींबरोबर काम केले आहे का? तुमचे प्रशिक्षण काय? कल बदलता येतो असे तुम्हाला वाटते का?’ शेवटच्या प्रश्नाला ‘प्रयत्न करून पाहू’ असे उत्तर आले तर दुसरीकडे जा. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट या संस्थांनी या विषयात दीर्घकाळ काम केले आहे. गाव लहान असेल आणि ओळखीची भीती वाटत असेल तर ऑनलाइन सत्रे सोयीची पडतात. फक्त बोलायला आडोशाची जागा हवी.

आईवडिलांसाठी

तुम्हाला धक्का बसणे, रडू येणे, ‘लोक काय म्हणतील’ ही काळजी वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी तुम्ही स्वतः समुपदेशन घ्या. तो भार मुलावर टाकू नका. सगळे आजच पटले पाहिजे असे नाही. ‘मला अजून नीट समजलेले नाही, पण तू आमचा आहेस, जेवायला बस’ एवढे म्हटले तरी पुष्कळ होते. शपथा घालणे, फोन काढून घेणे, घरात कोंडणे आणि त्याच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना सांगणे टाळा.

ताबडतोब मदत केव्हा घ्यावी?

मरणाबद्दल बोलणे, निरोपाचे मेसेज पाठवणे, स्वतःला इजा करणे, अचानक पूर्ण गप्प होणे किंवा व्यसन वाढणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. मारहाण होत असेल किंवा कोंडून ठेवले असेल तर ११२ वर फोन करा.